रानात कोण शिंकतंय

ऑक्टोबर लागला की आमचा अँब्रोज रोज संध्याकाळी रानात जातो, टोपी काढतो आणि मान खाली घालून गप्प उभा राहतो. गावात नव्याने आलेल्या पाद्रीबाईंनी त्याला तसा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला दुकानात गाठून सांगितलं, "मिस्टर पिकर्सगिल चर्चला येत नसले तरी मनाने फार भाविक आहेत हो." मी मान डोलावली. तो फेझंटांच्या शिंका ऐकत होता, हे सांगून त्या बाईंचा आनंद कशाला घालवा?

फेझंट म्हणजे शिकारीसाठी पाळून रानात सोडलेला, लांब शेपटीचा, रानकोंबड्यासारखा पक्षी. त्याच्या घशात किडे झाले की तो बारीकसा शिंकतो. खिच्. तेवढंच. मग हळूहळू तो चोच वासून जांभया देत बसतो, दाणा सोडतो, आणि याचं त्याला, त्याचं आणखी कुणाला असं करत सगळं रान शिंकायला लागतं. म्हणून संध्याकाळी नर पाखरांची झोपायच्या आधीची बोंबाबोंब एकदा संपली की राखणदाराने झाडाखाली उभं राहून कानोसा घ्यायचा असतो. अँब्रोजच्या बापाने घेतला, अँब्रोज घेतो. आमच्या सगळ्या डोंगरपट्ट्यात त्याच्यासारखा तिखट कान कुणाचा नाही, असं तो सांगतो. त्यातला डावा कान जन्मभर बंदुकांशेजारी उभं राहून कधीच कामातून गेलाय, हे मी सांगते.

मी डल्सी, त्याची बायको. शिकारीच्या दिवशी हाकाऱ्यांच्या रांगेचं डावं टोक मी सांभाळते आणि दुपारचं सूपही मीच करते. उन्हाळ्यात अशक्त पिल्लं माझ्या स्वयंपाकघरात चुलीपाशी वाढतात. स्केल्डेनच्या रानाच्या कडेला आमचं घर आहे. आमचं म्हणजे अँब्रोजच्या नोकरीचं. नोकरी आहे तोवर घर, नोकरी गेली की किल्ल्या परत.

त्या संध्याकाळी तो परत आला तोच पडल्या चेहऱ्याने. बूट न काढता खुर्चीत बसला. माझ्या पुसलेल्या फरशीवर बूट घालून बसायची त्याची हिंमत एरवी होत नाही, तेव्हा मी समजले की काहीतरी भयंकर झालंय.

"डल्सी," तो म्हणाला, "शिंक."

"किती?"

"चार ऐकल्या. सगळ्या लार्चच्या झाडांखालून. उजवीकडून."

"दुसरं काही नसेल? खार वगैरे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने चहा ठेवला. चाळीस वर्षं फेझंट पाळणाऱ्याला खार आणि शिंक यातला फरक विचारायचा नसतो.

आता यातली गोम अशी होती. घशातले किडे मारायचं औषध दाण्यातून देता येतं, पण ते दिलं की बरेच दिवस त्या पाखरांना गोळी घालायची नाही, कारण गोळी घातली की ती कुणाच्या तरी ताटात जाणार. आणि मोसमाची पहिली शिकार आली होती पुढच्या शनिवारी. म्हणजे औषध दिलं तर शिकार पुढे ढकलायची, आणि ते डेस्मंड ग्रिमशॉसाहेबांना सांगायचं. या साहेबांचा लीड्सला न्हाणीघरातल्या नळांचा कारखाना आहे. आमच्या रानातली शिकार त्यांनी भाड्याने घेतलीय. माणूस वाईट नाही, पण चावी फिरवली की फेझंट यायला हवेत, असं त्यांना मनापासून वाटतं.

अँब्रोजने फोन केला. पलीकडचं बोलणं मला स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होतं.

"शिंक? एका शिंकेपायी? अहो अँब्रोज, शनिवारी माझे होणारे व्याही येतायत. लेडी रोवेना स्वतः येतायत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिकार चालते. मी त्यांना काय सांगू, माझ्या फेझंटांना पडसं झालंय?"

"चार शिंका, साहेब."

"तुम्हाला पाखरं धड ठेवता येत नसतील तर तसं सांगा. एक तरुण मुलगा आहे माझ्या नजरेत. कृषी महाविद्यालयात शिकलाय."

अँब्रोजने फोन ठेवला. मला त्या नळवाल्याचा इतका संताप आला की मी बटाटे सोलता सोलता निम्मे सालीतच घालवले. पण संताप बाजूला ठेवला तर खरं काय होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. शनिवारी आजारी पाखरं उडाली तर अँब्रोजचं नाव जाणार, आणि शनिवारी शिकार झाली नाही तर घर जाणार.

दुसऱ्या दिवशी टॅम्सिन आली. ही आमची जनावरांची डॉक्टर. वयाने लहान, हाताने भक्कम, आणि शिकार असली की हौसेने हाकाऱ्यांत झेंडा घेऊन चालते. तिने लार्चखालची दोन पाखरं उचलली, नेली, उघडली, आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, "मिस्टर पिकर्सगिल, किडा नाही. एकसुद्धा नाही. फुप्फुसं स्वच्छ, नाकं कोरडी. उलट जरा जास्तच लठ्ठ आहेत. दाणा कमी करा."

"शिंकणारी ती नव्हेत," अँब्रोज म्हणाला. "तू निरोगी पाखरं उचललीस, पोरी."

"बरं. मग शिंकणारं कुठलं ते दाखवा."

"दाखवू कसं? ते लपतं."

टॅम्सिनने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. नवरा माझा असला तरी त्याच्या प्रत्येक वाक्याची जबाबदारी मी घेत नाही.

त्यानंतर तो दिवसातून दोनदा रानात जायला लागला. आला की शिंकांचा आकडा सांगायचा, आणि आकडा चढतच होता. मजा अशी की मीही सकाळी दाणा टाकायला जात होते, तीच पाखरं पाहत होते आणि मला एकही शिंक ऐकू येत नव्हती. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "तू बोलतेस ना त्यांच्याशी. कशी ऐकू येईल?" यात तथ्य आहे. मी बोलते. कुणीतरी बोलायला हवं ना त्यांच्याशी, हा बोलत नाही तर.

गुरुवारी आम्ही जेवायला बसलो होतो. मटणाचा रस्सा होता, पाव होता, रेडिओवर हवामान चाललं होतं. हवामान लागलं की अँब्रोज श्वास रोखून ऐकतो, कारण वाऱ्याची दिशा कळली तरच हाका कुठून घालायचा ते ठरतं. तो डाव्या हाताने पाव धरून असा ताठ बसलेला आणि तेवढ्यात आवाज आला. खिच्.

अँब्रोजचा हात जागच्या जागी थांबला.

"ऐकलंस?" तो कुजबुजला.

ऐकलं होतं. आणि नुसतं ऐकलं नव्हतं. मी त्याच्या समोर बसले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याची नाकपुडी हलली होती.

"डल्सी," तो म्हणाला, "ते घरात आलंय."

"काय आलंय?"

"ते पाखरू. माझ्या मागून आलंय. दार उघडं होतं ना मघाशी." आणि तो हळूच खुर्चीतून उठून, गुडघ्यांवर येऊन टेबलाखाली पाहू लागला. आमचा कुत्रा बिशप तिथे झोपला होता. त्याला वाटलं आपल्याला खेळायला बोलावलंय, म्हणून त्याने अँब्रोजचं तोंड चाटलं. अँब्रोजने त्याला बाजूला सारलं, दम घेतला आणि पुन्हा श्वास रोखला. खिच्.

"उजवीकडे," तो टेबलाखालून म्हणाला. "कपाटामागे."

मी चमचा खाली ठेवला. खरं सांगते, हसू इतकं दाटलं होतं की रस्सा नाकातून यायचा. पण ते हसू पोटात गेल्यावर तिथे दुसरंच काहीतरी होतं, कारण मला आठवलं की गेल्या हिवाळ्यापासून हा माणूस डोंगराच्या वाटेवर मध्येच थांबतो आणि पाखरं पाहिल्याचं सोंग करतो. आणि पाखरं पाहून झाली तरी थांबतो.

"अरे अँब्रोज," मी म्हटलं, "ऊठ. घरात पाखरू नाही. तूच शिंकतोयस."

तो टेबलाखालून बाहेर आला. केसांत पावाचा चुरा होता.

"मी?"

"तूच. श्वास रोखलास की शिंकतोस. रानातही तूच असणार. दुसरं कोण?"

"मी आयुष्यात शिंकलेलो नाही," तो म्हणाला. हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की क्षणभर मलाही वाटलं, खरंच की काय. "पिकर्सगिल शिंकत नाहीत. माझा बाप न्यूमोनियाने गेला, पण शिंकला नाही."

"डॉक्टरला दाखव."

"टॅम्सिन येऊन गेली की."

"माणसांच्या डॉक्टरला, गाढवा."

तो नुसता उठला, बूट घातले आणि बिशपला घेऊन बाहेर गेला. माणसांच्या डॉक्टरचं नाव काढलं की तो असंच करतो. पाखराने नुसती पिसं फुगवली तरी टॅम्सिनला फोन. स्वतःचा अंगठा फाटकात सापडून काळानिळा झाला तेव्हा मात्र त्याला त्याने पाखरांच्या पायाला लावायचं मलम लावलं होतं.

मी टॅम्सिनला फोन केला. ती आधी हसली आणि मग हसायची थांबली. "श्वास लागतो का त्यांना?" तिने विचारलं. मी म्हटलं, लागतो. ती म्हणाली, उद्या संध्याकाळी मी येते, आणि ग्रिमशॉंनाही बोलवा.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चौघं लार्चखाली उभे राहिलो. ग्रिमशॉसाहेबांनी नव्या कोऱ्या हिरव्या लोकरीचा सूट घातला होता, मोज्यांना तांबडे गोंडे लावले होते, आणि शनिवारच्या काळजीने त्यांना घाम फुटला होता. नर पाखरांची ओरड संपली. एकेक पाखरू फांदीवर चढलं. सगळं शांत झालं.

खिच्.

"तिथे," अँब्रोज म्हणाला. त्याने समोरच्या लार्चकडे बोट दाखवलं.

"मिस्टर पिकर्सगिल," टॅम्सिन म्हणाली, "जरा त्या ओकपाशी जाऊन उभे राहाल?"

तो गेला. आम्ही लार्चखालीच थांबलो. लार्चवर पाखरं गाढ बसली होती. एकही हूं की चूं नाही. ओकपाशी आवाज झाला. खिच्.

"आता तिकडे त्या दगडी भिंतीपाशी."

तो भिंतीपाशी गेला. भिंतीपाशी एक झाड नाही की पाखरू नाही, नुसतं मेंढ्यांचं गवत. खिच्.

ग्रिमशॉसाहेब नळवाले असले तरी मूर्ख नव्हेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं आणि आम्ही तिघांनीही अँब्रोजकडे पाहिलं. तो भिंतीजवळून परत आला तो हळूहळू, पाठीमागे वळून वळून पाहत. चेहरा पांढराफटक पडला होता.

"बघितलंत?" तो म्हणाला. "मी जातो तिथे ते येतं."

"अगदी बरोबर," टॅम्सिन म्हणाली. "आता विचार करा. असं का होत असेल?"

अँब्रोजने विचार केला. मनापासून केला, कपाळाला आठ्या घालून. आम्ही वाट पाहिली. मग तो म्हणाला, "त्याला मी लहानपणी हाताने भरवलं असणार. लळा लागलाय."

ग्रिमशॉसाहेबांनी कपाळावर हात मारला. "ते काही असो, पाखरं ठणठणीत आहेत, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय. उद्या शिकार होणार. नऊ वाजता. आणि अँब्रोज, उद्या काही गडबड झाली ना, तर सोमवारी त्या मुलाला मी बोलावतो. स्पष्ट सांगतो."

घरी येताना मी त्याला पुन्हा समजवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "डल्सी, तुला पाखरांतलं कळतं, पण आजारातलं कळत नाही." मी म्हटलं, "मला तुझ्यातलं कळतं."  चढणीवर तो थांबला, मीही थांबले. दोघांनीही पाखरं पाहिल्याचं सोंग केलं.

शनिवारी थंडी कडक होती, आकाश स्वच्छ होतं आणि वारा रेडिओने सांगितला तसाच वाहत होता. आठ बंदूकवाले अंगणात जमले. कोण कुठल्या खुंटीपाशी, म्हणजे नेम धरायच्या ठरलेल्या जागी, उभं राहणार याच्या चिठ्ठ्या निघाल्या. लेडी रोवेना एक उंच, हाडकुळ्या बाई, डोक्यावर त्यांच्या आजोबांची वाटावी अशी टोपी. त्यांनी माझ्या हातचा सॉसेजचा पाव खाल्ला, "यात सेजचा पाला जरा जास्त आहे, पण मला आवडतो" म्हणाल्या आणि दुसरा उचलून कोटाच्या खिशात घातला. त्या मला तेव्हाच आवडल्या.

मग ग्रिमशॉसाहेबांनी नियम सांगितले. हे नियम सगळीकडे तेच असतात, पण ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे आणि ऐकायचे ही रीत आहे. खालून उडणाऱ्या पाखराला गोळी नाही. कोल्ह्याला गोळी नाही. आणि मुख्य म्हणजे भोंगा. राखणदाराने एक लांब भोंगा वाजवला की शिकार सुरू. दोन आखूड वाजले की बंद. दोन भोंगे वाजले की मग डोक्यावर साक्षात सोन्याचा फेझंट येऊन बसला तरी गोळी झाडायची नाही, बंदूक मोडायची, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडायची, आणि काडतुसं काढायची. हे जो मोडतो त्याला पुढच्या वर्षी कुणी बोलावत नाही. गावात लोक त्याच्याशी हवामानावरही बोलत नाहीत.

आम्ही हाकारे वळसा घालून रानाच्या वरच्या टोकाला गेलो. रांग लावली. डाव्या टोकाला मी आणि बिशप, मग टॅम्सिन तिचा झेंडा घेऊन, मधोमध अँब्रोज. त्याने एक लांब भोंगा वाजवला आणि आम्ही काठ्या झाडांवर टकटक करत खाली चालू लागलो.

हाका म्हणजे आरडाओरडा नव्हे. पाखरं हळूहळू, पायी पायी पुढे सरकवत न्यायची, रानाच्या खालच्या टोकाला झुडपांत गोळा करायची, आणि तिथे रांग थांबवायची. मग एक एक पाऊल टाकत त्यांना दोनदोन, तीनतीन करून उडवायची, म्हणजे बंदूकवाल्यांना धड नेम धरता येतो. सगळी एकदम उडाली की खेळ खलास. त्या शेवटच्या थांबण्यावर राखणदाराची परीक्षा असते आणि अँब्रोजसारखं थांबवणारा राखणदार मी दुसरा पाहिला नाही. हे मात्र मी बायको म्हणून सांगत नाही.

झुडपांपाशी त्याने उजवा हात वर केला. आम्ही जागच्या जागी थांबलो. समोर झुडपांत पाखरं इतकी दाटली होती की जमीनच सरकतेय असं वाटत होतं. पिसांची धूळ उन्हात तरंगत होती. हात मोकळे राहावेत म्हणून भोंगा दातांत धरून ठेवायची त्याची सवय. तसाच तो उभा राहिला, एक हात वर, दुसऱ्या हातात काठी, दातांत भोंगा. आणि ऐकायला म्हणून त्याने श्वास रोखला.

मला दिसलं. त्याचे खांदे वर गेले. डोळे बारीक झाले. मी ओरडणार तेवढ्यात या वेळी खिच् नाही, चांगली दणदणीत शिंक आली, तीही एकापाठोपाठ एक, आणि दोन्ही भोंग्यातून बाहेर पडल्या.

पों. पों.

खाली आठही बंदूकवाल्यांनी आज्ञाधारकपणे बंदुका मोडल्या आणि काडतुसं काढून खिशात टाकली.

आणि मग रान उडालं. सगळंच्या सगळं, एकाच वेळी. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. शेकडो पाखरं झुडपांतून उसळली, ओरडत, शेपट्या झळकवत, आमच्या डोक्यांवरून, मग त्या आठ जणांच्या डोक्यांवरून, ओढ्यावरून पलीकडच्या डोंगराकडे गेली. खाली ते आठ जण हातात मोडलेल्या बंदुका घेऊन माना वर करून उभे होते. दोन भोंगे वाजले होते. नियम म्हणजे नियम. एकानेही गोळी झाडली नाही. ग्रिमशॉसाहेबांचे एक पाहुणे तर इतके काटेकोर, की त्यांनी बंदूक खोळीत घालून बंदही केली होती. लेडी रोवेनांनी मात्र तोपर्यंत खिशातला सॉसेजचा पाव काढला होता आणि त्या तो खात खात वर पाहत होत्या. त्यांच्या टोपीवर एक पीस येऊन पडलं.

शेवटचं पाखरू दिसेनासं झालं.

मग खालून ग्रिमशॉसाहेबांचा आवाज आला. "भोंगा कुणी वाजवला?"

अँब्रोजने दातांतला भोंगा काढला. त्याच्याकडे पाहिलं. मग बाहीने नाक पुसलं आणि बाहीकडे पाहिलं. या खेपेला त्याला ते आतून कळलं होतं, कानाचा प्रश्नच नव्हता. मी रांग सोडून त्याच्याकडे निघाले होते, पण तो माझ्याआधी खाली चालू लागला. झुडपांतून बाहेर आला, टोपी काढली आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा राहिला.  चाळीस वर्षांत या माणसाने कुणासमोर मान खाली घातली नव्हती. पाद्रीबाईंना दिसलेली ती वेगळी.

"हाकाऱ्यांची चूक नाही," तो म्हणाला. "पाखरांची नाही. मी शिंकलो."

 ग्रिमशॉसाहेबांचं तोंड उघडं पडलं होतं. आता हा सोमवारचं नाव काढणार, म्हणून मी काठी घट्ट धरली. पण त्यांच्याआधी लेडी रोवेना हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना टेकायला शिकाऱ्यांची ती वर बैठक असलेली काठी शोधावी लागली.

"डेस्मंड," त्या म्हणाल्या, "मी पंधरा वर्षांची होते तेव्हापासून शिकारीला जाते. पाहायला म्हणून वर कधी पाहिलंच नव्हतं हो. नुसता नेम धरला. काय दिसतं ते." मग डोळे पुसत अँब्रोजला म्हणाल्या, "तुमची पाखरं फार सुंदर आहेत. एकही मरगळलेलं नव्हतं. मी सगळी पाहिली."

ग्रिमशॉसाहेबांनी तोंड मिटलं, विहीणबाईंकडे पाहिलं आणि मग तेही जरा हसले, म्हणजे हसणं सुरक्षित आहे याची खात्री करून घेऊन हसले. "अगदी, अगदी," ते म्हणाले. "म्हणूनच तर अँब्रोज आमच्याकडे आहेत. दुसरा हाका किती वाजता, अँब्रोज?"

म्हणजे घर वाचलं. मी बिशपलाच मिठी मारली.  पण अँब्रोज सरळ टॅम्सिनकडे गेला. तिची गाडी फाटकापाशी उभी होती, मागे तिची पेटी. तो गाडीच्या मागच्या फळीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "पोरी, तुझी ती नळी काढ."

"मी जनावरांची डॉक्टर आहे, मिस्टर पिकर्सगिल."

"तेच म्हणतोय. काढ."

टॅम्सिनने नळी कानाला लावली आणि त्याच्या पाठीवर ठेवली. बराच वेळ ऐकलं. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. मग नळी गळ्यात टाकून त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"मला सांगायचा अधिकार नाही," ती म्हणाली, "आणि सोमवारी तुम्ही खऱ्या डॉक्टरकडे जाणार आहात. पण मला विचाराल तर हा पडशाचा आवाज नाही. पिसांची धूळ जन्मभर छातीत गेली की कधी कधी फुप्फुसं तिला वैतागतात. आता मला एक सांगा. असं पाखरू तुम्ही माझ्याकडे आणलं असतंत, रोज शिंकणारं, चढावर धाप लागणारं, तर तुम्ही त्याचं काय केलं असतंत?"

अँब्रोज बोटांनी टोपीची कड चाचपत राहिला. मला वाटलं, आता हा पुन्हा पिकर्सगिलांच्या खानदानाचं काहीतरी काढणार. पण पाखराबद्दल विचारलं की या माणसाला खोटं बोलता येत नाही.

"बाहेर काढलं असतं," तो म्हणाला. "त्याच दिवशी. कोरड्या जागी वेगळं ठेवलं असतं."

"आणि बरं झाल्यावर?"

त्याने रानाकडे पाहिलं. काही पाखरं परत येऊ लागली होती, भिंतीवर बसून उगाच ओरडत होती.

"परत त्या रानात सोडलं नसतं," तो म्हणाला.

 दोन दिवस मी त्याच्यामागे लागले होते, आणि आता तो स्वतःच म्हणाला तर मला वाटलं, हे त्याने म्हणायला नको होतं. ग्रिमशॉसाहेब मागून आले होते. त्यांनीही ऐकलं असणार, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मग पाखरं कोण बघणार, अँब्रोज? तो मुलगा... तसा तो चांगला आहे, पण त्याला माळरान आणि मेंढीचं कुरण यातला फरक कळत नाही, खरं सांगायचं तर."

अँब्रोजने बोट वर केलं आणि माझ्याकडे दाखवलं.

"ही."

"मिसेस पिकर्सगिल?"

"अर्धी पाखरं हिच्याच स्वयंपाकघरातून रानात गेलीत, साहेब. आणि उरलेला वेळ ती मला सांभाळते. त्या मानाने फेझंट सोपे आहेत. सांगितलेलं ऐकतात."

ग्रिमशॉसाहेब हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे हात पुढे केला, रीतसर, एखाद्या माणसाला कामावर ठेवताना करतात तसा. मी तो हातात घेतला. मला रडू यायला लागलं होतं आणि हाकारे बघत होते, म्हणून मी वळून अँब्रोजवरच खेकसले.

"काय बसलायस तसा? सगळं अंग पिसांनी भरलंय. काढ ते जाकीट. टोपी पण. आणि पुढच्या सीटवर जाऊन बस, काच लावून घे. दुसऱ्या हाक्याला मला उशीर होतोय."

तो काहीतरी म्हणायला गेला. मग मुकाट्याने त्याने जाकीट काढलं, घडी घातली आणि भोंग्यासकट माझ्या हातात दिलं.